फांदी कुणी काढली?

बसा, आप्पा, बसा. माझ्यासाठी कशाला उठताय.

जमलेल्या आयाबहिणींनो, आबा, मामा, आन् माझ्या रविवारच्या गाडीवाल्यांनो. मी शालन. वस्त्यावस्त्यांवरनं दूध गोळा करते ती. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी मला फक्त गाडीवर बघितलंय, दोन्ही बाजूंना कॅन लावलेली. अशी उभी राहून बोलताना कुणी बघितलं नसंल, कारण मी कधी बोललेच न्हाई. ग्रामसभेत न्हाई, बचत गटात न्हाई. आज याकूबमामांवर बोलायचंय, म्हणून उभी राहिले. माईक हातात देताना मला सांगण्यात आलं, ताई, दोन मिनिटांत उरका. उरकायला हे काय हळदीकुंकू हाय का? माणूस गेलाय. माझं बोलून झालं की मी माईक देईन. त्याच्या आधी मागू नका.

एक करा. तो डावीकडचा भोंगा मशिदीमागच्या आळीकडं फिरवा. अजून थोडा. हां, राहू द्या. जुबेदामामी इद्दतीत हायत, चार महिने दहा दिवस घराबाहेर यायच्या न्हाईत. नवऱ्याची शोकसभा त्यांनी दाराआडनं ऐकायची. मामी, मी शालन बोलते. तुम्हाला कुणी सांगितलं नसंल ते सांगणार हाय. दार उघडं ठेवा.

दौंडकडनं, भांडगावकडनं आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते. याकूबमामा म्हंजी आपल्या फाट्यावरचे मिस्त्री. चाळीस वर्षं गॅरेज. शिरूर तालुक्यात अशी मोटरसायकल न्हाई जिचं पोट त्यांनी उघडून बघितलं न्हाई. गाडी ढकलत आणलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचे, मग गाडीला हात लावायचे. गेल्या रविवारी नदीकडच्या रस्त्यावर ते गाडीवरनं पडून गेले. सहासष्ट वर्षांचे होते. मी त्यांच्या मागंच होते.

माझ्या आधी रंगनाथआण्णा बोलले. आपले माजी सरपंच. ही सभा त्यांनीच बोलावली, मांडव त्यांचा, खुर्च्या त्यांच्या, तो फ्लेक्सही त्यांचाच. मामांचा फोटो बघा, पासपोर्टएवढा. आण्णांचा हात जोडलेला फोटो दाराएवढा. अनोळखी माणूस आला तर हार कुणाला घालावा कळायचं न्हाई.

हसू नका. मी हसवायला उभी न्हाई.

आण्णा काय म्हणाले, ऐकलंत ना सगळ्यांनी? म्हणाले, याकूबभाई दिलदार होते, पण वेगाचा मोह नडला. म्हणाले, या वयात असली हौस बरी न्हाई, तरुणांनी यातनं धडा घ्यावा. आन् तुम्ही माना डोलावल्या. कुणाकुणाची मान हलली ते मी मागं बसून बघितलंय. वेगाचा मोह! अहो, मामांची ती जुनी टू-स्ट्रोक तुमच्यापैकी कुणी चालवली हाय का? तिला सत्तरवर नेलं असतं तर तिचे नट-बोल्ट पिशवीत गोळा करत मागं यावं लागलं असतं. पन्नासच्या पुढं ते कधी गेलेच न्हाईत. आम्ही मागनं चिडवायचो, मामा, सायकलवाला पुढं गेला. ते म्हणायचे, जाऊ दे की, त्याला घाई हाय, आपल्याला कुठं हाय?

मला गाडी त्यांनीच शिकवली. माझा नवरा वारला तवा त्याची गाडी ओट्यावर पोत्याखाली उभी होती. दीर म्हणाला, विकून टाकू. मामा आले, पोतं उचललं, दोन किका मारल्या, तिसऱ्या किकला चालू केली. म्हणाले, विकायची कशाला? शालन चालवंल. आळीतल्या बायका हसल्या. खरं सांगते, मी पण हसले. दुसऱ्या दिवशी ज्वारी काढलेल्या रानात घेऊन गेले मला. दहा वेळा गाडी बंद पाडली मी. रडायला लागले. मामा म्हणाले, कणीक मळताना एकदम तांब्याभर पाणी ओततीस का? मी म्हणलं, न्हाई. मग क्लच कशाला एकदम सोडतीस? थोडं थोडं सोड. अकराव्यांदा गाडी चालली. रानाच्या त्या टोकापर्यंत गेली आन् वळवता येईना म्हणून बांधावर चढली. मामा धावत आले, आधी माझं कोपर बघितलं, मग गाडी. मिस्त्री माणूस, पण आधी कोपर बघितलं.

त्याच गाडीवर मी दोन पोरी शिकवल्या. लोक म्हणायचे, बाई माणूस मोटरसायकलवर, बघा काय दिवस आलेत. मामा गॅरेजमधनं ओरडायचे, दिवस चांगले आलेत, तू बाजूला हो.

आन् मग रविवार. रविवार आमचा. सकाळी सातला फाट्यावर जमायचं. कोरेगाव भीमाच्या कंपनीत शिफ्ट करून आलेली पोरं, दौंडच्या रेल्वेतले दोघं, आपले मास्तर, मी, कधी पंधरा कधी वीस गाड्या. मांडवगणकडनं नदीच्या रस्त्याला लागायचं, पूल ओलांडून दौंडच्या अंगाला उतरायचं आन् गुऱ्हाळांच्या कडंनं भांडगावला चहा. हायवेनं गेलं तर निम्म्या वेळात होतंय. मामांना कुणी म्हणलं की म्हणायचे, हायवेनं जायला आपण काय कंटेनर हाय का?

तुम्हाला काय सांगू तो रस्ता कसा हाय. दोन्ही बाजूंना ऊस, रात्री पाणी दिलेला, त्यातनं गार वारा येऊन गुडघ्याला लागायचा. मोरीवर गाडी हलकी व्हायची. पुढच्या वळणावर गुऱ्हाळाचा गोड धूर, नाकातनं थेट घशात. कुठं शेळ्या आडव्या, कुठं एखादी म्हातारी हात करायची, की मामा हॉर्न न वाजवता मान लववायचे. सहा दिवस मी दुधाची, पोरींची, सासूच्या दुखण्याची. रविवारी सात ते दहा मी माझी असायचे. एवढं सुख मला दुसऱ्या कुठल्या गोष्टीनं दिलं न्हाई. ते मामांनी दिलं.

नियम एकच. मामा पुढं. त्यांच्या पुढं कुणी जायचं न्हाई. खड्डा डावीकडं असला की ते डावा पाय सोडायचे, उजवीकडं असला की उजवा. मागच्यानं बघून तसंच करायचं. आम्ही रस्त्याकडं बघतच नव्हतो म्हणा ना, पुढच्याच्या पायाकडं बघायचो. आन् रस्त्यात खड्डा नवा असला, चारी आडवी खणलेली असली, की मामा गाडी लावायचे, बाभळीची फांदी तोडून त्यात रोवायचे आन् खिशातला ऑइलचा लाल फडका तिला बांधायचे. हे काय मामांनी शोधून काढलं न्हाई. आपल्याकडं सगळेच करत्यात. फांदी दिसली की धोका. फांदी न्हाई म्हंजी रस्ता बुजला. पाटी नसती, बत्ती नसती, आपल्या रस्त्यांवर फांदीच असती. ट्रॅक्टरवाला मानतो, शाळेची पोरं मानत्यात. कुणी ती काढत न्हाई. चारी बुजवणाराच काढतो, बुजवल्यावर.

आता ऐका.

त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी नदीकडच्या रस्त्यावर जेसीबी लागला. पाइपलाइन टाकायला रस्ता आडवा खणला, इथनं त्या खांबापर्यंत लांब आन् हातभर रुंद. कुणाची पाइपलाइन? नदीवरनं कुणाच्या उसाला पाणी जातंय? सगळ्यांना ठाऊक हाय. आण्णा, वर बघा. मी तुमच्याशी बोलते.

बुधवारी मामांनी त्यात फांदी रोवली, फडका बांधला. आन् तिथनंच आण्णांना फोन लावला. मी शेजारी उभी होते, दुधाचे कॅन घेऊन. मामा म्हणाले, आण्णा, चारी नीट बुजवून घ्या, दुचाकीवाला जाईल एखादा. आण्णा म्हणाले, याकूबभाई, आजच घेतो, माझा शब्द. गुरुवार गेला. शुक्रवार गेला.

शनिवारी आण्णांच्या मळ्यात पाहुणे येणार होते. मोठे पाहुणे, मोठ्या गाड्यांचे. मी सकाळच्या दुधाला चालले होते, तर आण्णा स्वतः रस्त्यावर उभे, फोन कानाला. दोन माणसं चारीत मुरूम टाकत होती. नुसता टाकत होती, धुमस न्हाई, रोलर न्हाई, पाणी न्हाई. आन् आण्णा ओरडले, ती फांदी काढ आधी, फडकं बिडकं काय लावलंय, पाहुण्यांना काय वाटंल! फांदी उसात फेकली. मी या डोळ्यांनी बघितली. मी थांबून विचारलं, आण्णा, झालं का काम? म्हणालात, झालं झालं, जा तू बिनघोर.

आण्णा, कुठं निघालात? बसा. तुमची गाडी मांडवामागं लावलीय ना, तिच्या मागं आमच्या चाळीस मोटरसायकली लागल्यात. चुकून न्हाई लागल्या. मीच लावायला सांगितल्या.

आन् त्या जनरेटरपाशी कोण चाललंय? मास्तर, तुम्ही आन् रेल्वेवाले दोघं जरा तिथं जाऊन उभे राहा. हा आवाज आज बंद पडायचा न्हाई.

शनिवारी संध्याकाळी मी मामांना फोन केला. मीच केला. मी म्हणलं, मामा, फांदी काढली, चारी बुजवली, उद्या त्याच रस्त्यानं जाऊ. मामा म्हणाले, चला, आण्णानं शब्द पाळला. असं म्हणाले. ऐकताय का? आण्णानं शब्द पाळला. तुमचं खोटं मी माझ्या तोंडानं मामांपर्यंत पोचवलं. मी दूध पोचवते गेली बारा वर्षं, कधी नासकं पोचवलं न्हाई. तुम्ही माझ्या हातनं हे पोचवलंत. मामी, मला माफ करायचं का न्हाई ते तुम्ही ठरवा. मी मागत न्हाई. मला रोज झोपताना तो फोन ऐकू येतो.

त्या रात्री पाइपचा जोड गळाला. मुरूम खचला. चारी भरली पाण्यानं, काठोकाठ, रस्त्याच्या पातळीला. रविवारी पहाटे पाणी बघायला गेलेल्या माणसानं आण्णांना फोन केला. आण्णा, मुरूम खचलाय, कुणीतरी पडंल. आण्णा म्हणाले, बघू जेवल्यावर. मला हे कुणी सांगितलं ते विचारू नका. त्याला उद्या तुमच्याच रानात कामाला यायचंय. तुम्ही त्याला शोधायला निघालात तर आधी माझ्या दारात या.

सव्वासातला आम्ही तिथं पोचलो. पुढं मामा. फांदी न्हाई म्हंजी रस्ता बुजला. समोर नुसतं ओलं दिसत होतं. उसातनं पाणी रस्त्यावर येतंच की. त्यांचा ना डावा पाय सुटला, ना उजवा. पुढचं चाक आत गेलं आन् मामा हँडलवरनं समोर फेकले गेले, मानेवर. हेल्मेट होतं डोक्यात. हेल्मेट मानेला काय करणार?

मी गाडी टाकून धावले. मामा पडल्या पडल्या हात वर करत होते. मला वाटलं, उठवा म्हणत्यात. मी हात धरला, तर त्यांनी सोडवून घेतला आन् परत वर केला, पंजा उघडा. मग कळलं. मागच्या गाड्यांना थांबा म्हणत होते. वीस गाड्या थांबल्या. एकही त्या चारीत गेली न्हाई. शेवटची गाडी थांबली तवा हात खाली आला.

वेगाचा मोह म्हणे.

आन् पुढचं ऐका. दुपारी दोनला मामांना मातीत ठेवलं. त्याच्या आधी, सकाळी दहाला, मी टाकून आलेली माझी गाडी आणायला त्या रस्त्यावर परत गेले. चारी बुजलेली! काँक्रीट ओतलेलं, वर डांबराचं ठिगळ, गरम अजून, वाफ निघत होती. अहो आण्णा, मंगळवारपासून तुम्हाला वेळ नव्हता. माणूस मेल्यावर तीन तासांत काँक्रीट कुठनं आलं? कबर खणायच्या आधी तुमची चारी बुजली. पंचनाम्याला माणसं आली तवा रस्ता आरशासारखा साफ. सांगणाऱ्यानं सांगितलं, लिहिणाऱ्यानं लिहिलं, भरधाव. मी माझा जबाब लिहून दिलाय. पाच पानं. त्याचं काय व्हायचं ते होईल. आण्णांच्या ओळखी लांबवर हायत, मला ठाऊक हाय. मी त्याच्यावर विसंबून बसले न्हाई.

काल आपल्या आळीतले एक आबा घरी आले होते. चांगले माणूस हायत, समोरच बसलेत. म्हणाले, शालन, गेलेला माणूस परत येत न्हाई, सोडून दे, माफ कर. आबा, माफी मागितली कुणी? मागितली असती तर द्यायची का न्हाई ते बघितलं असतं. तुम्हाला आत्ताच सांगते, दिली नसती. मामींनी मला सांगितलं, बेटा, अल्ला बघतोय. मामी, बघू दे की. पण मी पण बघितलंय. आन् मी गप बसणारी न्हाई.

तुम्ही म्हणाल, ही बाई आता काय करणार? गाडी जाळणार? उसाला काडी लावणार? न्हाई. उसानं काय केलंय?

आपल्याकडं जागांना नावं कशी पडत्यात, बघा. बैल बुडाला तो बैलबुडीचा डोह. पलीकडच्या वस्तीवर एकानं शेजाऱ्याचा बांध कोरून कोरून खाल्ला, त्याला आज कोरक्याचा बांध म्हणत्यात. तो माणूस कोण होता, त्यानं देवळाला किती मोठी घंटा दिली, किती जेवणावळी घातल्या, कुणाला ठाऊक न्हाई. नाव गेलं, गाव गेलं, बांध कोरला एवढंच राहिलं. त्याच्या पणतूला शाळेत पोरं कोरक्या म्हणत्यात.

मी रोज बावीस वस्त्यांवर जाते. सोमवारपासून, कुणी विचारलं की शालन, कुठनं आलीस, तर मी सांगते, आण्णाच्या चारीवरनं. कुठं भेटायचं? आण्णाच्या चारीपाशी. रस्ता कसा हाय? आण्णाच्या चारीपर्यंत बरा हाय. एवढंच. दुसरं काय म्हणत न्हाई. कोरेगावची पोरं कंपनीत सांगत्यात, रेल्वेवाले दौंडात सांगत्यात. मास्तरांनी शाळेतल्या पोरांना रस्त्याचा नकाशा काढायला सांगितला, पोरांनी आपल्या मनानं लिहिलं. शुक्रवारी एसटीच्या कंडक्टरनं हाळी दिली, आण्णाची चारी, कोण उतरणार हाय का? आन् आज सकाळी त्या वस्तीवरच्या म्हातारीनं, जिला मी काही सांगितलं नव्हतं, तिनं मलाच बजावलं, बाय, आण्णाच्या चारीपाशी हळू जा गं, तिथं चांगला माणूस मारला.

मारला म्हणाली. मेला न्हाई म्हणाली.

आण्णा, तुमच्या काँक्रीटनं ती चारी आता बुजत न्हाई. तुमच्या लेकीच्या लग्नपत्रिकेवर मळ्याचा पत्ता द्याल, लोक विचारतील, म्हंजी आण्णाच्या चारीजवळ ना? निवडणुकीला उभे राहाल, माणसं चारीचं नाव काढतील. तुम्ही जाल, मी जाईन, या फ्लेक्सच्या चिंध्या होतील. चारी राहील. तुमच्या नातवाला कुणीतरी विचारंल, कोणता रे आण्णा? त्यानं काय सांगायचं ते तुम्ही आत्तापासून शिकवून ठेवा. ही माझी शिक्षा. मी दिली, आन् ती रोज देणार हाय, दोन वेळा, दुधाच्या धारेला.

आता मामांसाठी. मामा, तुम्ही मला रानात गाडी शिकवलीत, रस्ता दाखवलात. तुमच्या नावाला लागलेला डाग मी पुसल्याशिवाय राहणार न्हाई. आता रविवारी पुढं कोण जाणार, असं पोरं विचारत्यात. मी जाईन. माझा पाय सुटंल, खड्डा दिसंल तिकडं.

सगळ्यांनी उभं राहा. गाडीवाल्यांनो, डोक्यावरचं काढा. आबा, काठी द्या इकडं, माझा खांदा धरा. मामी, तुम्ही दारातच थांबा. कुणी बोलू नका. मामांना जसं जमंल तसं, ज्याच्या त्याच्या देवाजवळ आठवा.

आण्णा, तुम्ही न्हाई. तुम्ही बसा. रविवारी सकाळी त्या पाण्यापाशी हात आडवा करून उभं राहायचं होतं तुम्हाला. तवा घरी बसून राहिलात. आता पण बसा.